तिसऱ्या बोगद्यातलं एक

बिस्क्राच्या बाहेर खजुरांच्या रांगा संपतात
तिथून प्लॅस्टिकचे बोगदे सुरू होतात.
दुपारी दुरून वाटतं,
वाळवंटावर कुणी चादरी वाळत घातल्यात.

सी मब्रूकचा तिसरा बोगदा आतून पिवळा होता.
पान अर्धं पिवळं, अर्धं हिरवं,
मधल्या शिरेवर वाटणीची रेघ मारल्यासारखं.
त्यांनी खिशातला चाकू काढला, एक खोड तिरकं कापलं,
आतलं तपकिरी कडं माझ्यापुढे धरलं.

"अद्रारला खजुरांना हेच झालं होतं.
आजा त्याला बायूद म्हणायचा.
चारशे झाडं त्याने मोजून जाळली.
ही बुरशी त्याच घराण्यातली का गं, पोरी?"

त्याच घराण्यातली. चुलत.

पण मी मेलेल्यांसाठी आले नव्हते.
नळ गळतो त्या कोपऱ्यात एक रोप उभं होतं,
बावळं, वाकडं,
अकरा कच्चे टोमॅटो अंगावर घेऊन.
सगळा शेजार आडवा झालाय
हे त्याच्या गावीही नव्हतं.
"हे हवंय," मी म्हणाले, "मुळासकट."

बराच वेळ ते बोलले नाहीत.
चपला काढून वाफ्यात उकिडवे बसले.
"घर जळालं,
आणि उरलेला एक खांब
तू सरपणाला मागतेस."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

त्यांनीच उपटलं, एका हिसक्यात,
आणि सवयीने माती झटकायला गेले, तशी मी ओरडले,
झटकू नका!
मला रोप नकोच होतं. मला ती माती हवी होती,
मुळाला बिलगलेली, नखभर जाडीची.

बसमध्ये मांडीवर बर्फाचा डबा.
शेजारच्या बाईने विचारलं, मासे का?
हो म्हटलं. फार बारीक.

काचेच्या बशीत एका काठाला बुरशी सोडली,
दुसऱ्या काठाला ते, मुळावरून धुऊन काढलेले.
बुरशी कापसासारखी फुगत आली,
फिकट गुलाबी, खरं सांगते, देखणी,
आणि चौथ्या दिवशी मध्येच थबकली.
दोघांमध्ये बोटभर मोकळी जागा.
कुणी कुणाला शिवलं नव्हतं.

खोलीतला दिवा मालवून जांभळा लावला.
त्यांची बाजू हिरवट उजळली.
हा उजेड म्हणजे त्यांची हाव,
मातीतलं लोखंड कणाकणाने ओढून घेण्याची.
मी युद्ध शोधत होते,
आणि इथे तर कुणी पंगतीत आधी येऊन बसलं होतं, इतकंच.
उशिरा आलेल्याला पान नव्हतं.

सप्टेंबरात नवी रोपं आली.
बादलीत ताकासारखं गढूळ पाणी,
साठ रोपांची मुळं त्यात बुडवून लावली,
साठ नुसतीच.

"ते खातात काय?" सी मब्रूकनी विचारलं.
मूळ साखर पाझरतं, त्यांच्यासाठी.
"म्हणजे पोटावारी आहेत."
पोटावारीच.
त्यांना ते पटलं. त्यांनी बादलीला हलकेच टिचकी मारली,
झोपलेल्याला उठवावं तशी.

फेब्रुवारीत मोजणी.
बुडवलेल्यांतली त्रेचाळीस उभी, नुसत्यांतली सतरा.
"मग बाकीची सतरा का गेली?" खदूजाने विचारलं,
"बुडवूनसुद्धा?"
मी थंडीचं नाव सांगितलं, खारट पाण्याचं सांगितलं.
मग म्हणाले, ठाऊक नाही.
ती मान हलवून आत गेली
आणि भाकरी घेऊन आली. भाकरीवर एक टोमॅटो,
हिरवट, सुरकुतलेला.
त्या उपटलेल्या रोपाचे अकरा
तिने त्याच संध्याकाळी मिठाच्या पाण्यात घातले होते.
हा शेवटचा.

आंबट. डोळे मिटावेत इतका.
"यातही ते असतात," मी म्हणाले, "वेगळे, पण त्यांच्यातलेच."
"असतील की," खदूजा म्हणाली.
"बरणी नीट झाकली तर रागावतात,
एवढं आईने सांगून ठेवलंय."

कोपऱ्यातला नळ अजून गळतो.
त्यांनी दुरुस्त केला नाही,
मीही सुचवलं नाही.