करंगळीच्या बेचक्यात

बर्फाची गाडी जेटीवरून गेली
की सर्जेकोटात माझ्या दुकानाला गिऱ्हाईक लागतं.
आज सत्यवान मेथर. हातात गमबूट, पायात काहीच नाही.
"भाऊ, ती गुलाबी खोक्यातली ट्यूब दी.
बाबलीच्या घोवान लावल्यान, एका रातीत थंड पडला."

दाखव, म्हटलं.
वीस वर्षं काउंटरमागे आहे मी.
माणसं मला छातीपर्यंतच माहीत,
खोकला, ताप, डोळे, उधारी.
पाय कुणाचे बघितलेच नाहीत.

तो पायरीवर बसला. करंगळी
तिच्या शेजारणीपासून ओढून धरली.
आत कातडी भिजून पांढरी, कडांना सुटलेली,
मधोमध एक लाल चीर.
"बर्फातल्या बांगड्याचो डोळो," तोच म्हणाला,
आणि हसला, आणि हसताना पाय दुखला.

चिखल्या, मी म्हटलं.
"चिखल खंय? सगळा मीठ नि पाणी."

काचेवर तीन ट्यूबा मांडल्या.
गुलाबी आधी, कारण त्याचे डोळे तिच्यावरच होते.
हिच्यात तीन औषधं, सत्यवान.
एक बुरशीचं, एक जंतूंचं,
तिसरं नुसतं खाजेला झोपवतं.
खाज झोपते. बुरशी जागी राहते,
झोपलेल्याच्या घरात फिरावं तशी फिरते,
कातडी आतून कागदासारखी पातळ होत जाते.
हे मी शहाणपणाने सांगितलं.
हे सांगितलं नाही की या एका ट्यूबमागे
मला अठ्ठावीस रुपये सुटतात,
आणि बाबलीच्या नवऱ्याला ती मीच दिली होती,
एकदा नव्हे, पाच वेळा.
आता त्याचं घोट्यावर आलंय, मांडीत आलंय, चकत्याचकत्यांनी.
तो हल्ली औषधाला मालवणात जातो.
माझ्या दुकानावरून जाताना समुद्राकडे बघतो.

दुसरी साधी, स्वस्त. दिवसातून दोनदा, चार आठवडे.
"जाळा ओढताना दोनदा? कोण लावतलो, तू?"
मग ही तिसरी. पिवळी. थोडी महाग,
पण एकदाच लावायची, रात्री, पाय पुसून.
बोटाबोटांमधून पुसायचं, फडक्याने, दाबून.
कोरडं ठेवायचं.

"सुक्या? दर्यार?"
त्याने दुकानाकडे नीट बघून घेतलं,
पाटी, कपाटं, पंखा, मी.
"तुका दुकान कोणी दिल्यान?"

खरं होतं त्याचं. चार दिवस खोल पाण्यात,
खालून खारं, वरून खारं, बुटात घाम,
आणि मी सांगतोय कोरडं.
मला दुसरं काही सुचेना, म्हणून
गेल्या आठवड्याची वर्तमानपत्रं काढून दिली:
झोपताना बुटांत कोंब, सकाळी काढून टाक.
त्याने तिथेच एक बोळा करून बघितला.
कुणाच्यातरी निवडून येण्याची बातमी
गमबुटाच्या चोचीत गेली.

"आणि खाज गेल्यार?"
गेली तरी आठवडाभर लावत रव.
"कित्याक? गेलेल्याक कित्याक?"
याचं उत्तर पुस्तकात आहे, मला येतं,
पण तोवर जेटीवरून त्याला हाक आली.

ट्यूब खिशात, पेपर काखेत, बूट तसेच हातात.
"पैशे येताना देतंय."

पायरीवर त्याची दोन ओली पावलं राहिली.
एकात करंगळी टेकलेलीच नाही,
चार बोटांचा ठसा, पक्ष्यासारखा.
पंख्याच्या वाऱ्याने आधी टाचा सुकल्या.

वहीत लिहिलं: मेथर, पिवळी, बाकी.
मग गुलाबी खोके कपाटात परत लावले.
अकरा आहेत अजून.
मार्चपर्यंत चालतील.