भाडेपावती

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
एकोणनव्वद साली ते एकवीस फ्लॉप्यांतून आलं.
फिरदौस एकेक आत सारायचा, कान लावायचा,
म्हणायचा, "चाले छे, बाई, चाले छे."
सतरावी अडकली.
लॅमिंग्टन रोडवरून दुसरी येईस्तो दोनदा चहा झाला.

परवाना सोळा माणसांचा.
सतरावा आला की दार बंद.
खाली गेटवर ओवळेकर घोषणा देत होते:
एक यंत्र आत, दहा कारकून बाहेर!
मी वर बसून त्यांच्याच नावाचं खातं उघडत होते.
साहेबांचा हुकूम होता, सगळ्यांचं उघडा.

मग मालक बदलत गेले.
मशीन जागं झालं की काळ्या पडद्यावर
हक्कांच्या ओळी वर सरकायच्या,
आधी टेलिफोन कंपनी, मग विद्यापीठ, मग कोण कोण,
सातबाऱ्यावर वारस चढावेत तशा.
आम्ही पागडीचे भाडेकरू.
राहा, पण भिंतीत खिळा मारू नका.
पावती दरवर्षी यायची, नाव निराळं,
भाडं तेवढं वाढलेलं.

गोदीची खारी हवा कार्डांचे पाय खायची.
मी ते खोडरबराने घासून लख्ख करायची.
दोन हजार सालच्या रात्री डबा घेऊन बसले;
बाराला तारीख मुकाट पलटली,
भेंडीची भाजी तशीच राहिली.

पुढे मालक कोर्टात गेले.
तोवर फोर्टच्या फुटपाथवर, मासिकासोबत फुकट,
त्याच वळणाचं पण दुसऱ्या आईचं पोर मिळू लागलं.
माझ्या हाताखालच्या ताहेराने ते आणलं.
त्याला पावतीच नव्हती.
मला आधी त्याचाच संशय आला.

आज शेवटचा दिवस.
खाती पुसता पुसता ओवळेकर दिसले.
जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना.
त्यांच्या घरात एकच फाइल,
एक्याण्णवची, रात्री नऊ चाळीस, सतरा बाइट.
तेव्हा सोळांतली एखादी जागा मोकळी असणार.

उघडली.
रोमन लिपीत स्वतःचं आडनाव,
एक अक्षर गाळलेलं.
खालच्या ओळीत पुन्हा, बरोबर.

छापून घेतलं. रिबन वाळलेली,
ठसा फिकट आला, जुन्या पावतीसारखा.
मग तीनदा सिंक लिहिलं, सवयीने,
आणि पंखा थांबेपर्यंत
खुर्चीवरून उठले नाही.