निळ्यानंतर

बत्तीस वर्षं निळा.
दोरीवरून ओढायचा, अंगात घालायचा,
सायकल थेट उद्यमनगर.
रंग निवडायचा असतो
ही बातमी फौंड्रीपर्यंत आलीच नाही.

आता कपाटात सुनेनं आणलेले सात शर्ट
आणि मी बनियनवर उभा.
साडेनऊ वाजून गेले.

परवा पिस्ता शर्ट, खाली चॉकलेटी पँट.
नात म्हणाली, आजोबा, झाड!
काल भीत भीत सगळंच राखाडी.
आता धूर, म्हणाली.

मग लक्ष्मीपुरीत मुनीर पटवेगारच्या मॅचिंग सेंटरला गेलो.
अस्तर-फॉल घेणाऱ्या बायकांच्या गर्दीत
पिशवीतून पँट काढली, लाजत.
त्यानं ट्यूबखाली बघितलीच नाही,
मला हाताला धरून पायरीवर आणलं.
"रंग उन्हात बघायचा, काका.
आणि एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
दोघं बोलाय लागले की भांडण."

हसू आलं मला.
भट्टीतलं लोखंड
नुसत्या रंगावरून ओळखायचो मी.
केशरी, थांब अजून.
पिवळं, होत आलंय.
पांढरट झालं की ओत.
घामानं चुरचुरत्या डोळ्यांनी, बिनचूक.

म्हणजे डोळा होता की.
कधी स्वतःकडं वळवला नव्हता, एवढंच.

आज राखाडी पँट, वर हळदी शर्ट.
नात दारात आडवी.
वरून खाली बघत बघत आली
आणि पायांशी अडकली.
रबरी चप्पल. निळी.

तेवढी राहू दे गं, म्हटलं.