चीक

बस्तीराम मखमलाबादहून नाशकात येतो.
सायकल गेली, स्कूटी आली, कॅन तेच.
आज पिशवीतून वेगळी बरणी काढली:
"वहिनी, चीक आणलाय. गाय व्याली परवा."

सासूबाईंनी लगेच गूळ किसला,
जायफळ शोधलं,
कुकरची शिटी काढून ठेवली.

मी बाराव्या दिवसाची बाळंतीण.
सिव्हिलमधली सिस्टर अजून कानात ओरडते:
"पिवळं दिसतंय म्हणून पिळून टाकू नका,
थेंबन् थेंब बाळाचा आहे!"

दारातूनच विचारलं, गोऱ्हा की कालवड?
"गोऱ्हा," म्हणाला
आणि झाकणाशी उगाच चाळा करत राहिला.
"त्याला पाजलं ना?"
"पाजलं की. थोडं."

थोडं म्हणजे किती,
हे रोज मापाने ओतणाऱ्या माणसाला
विचारायचं राहून गेलं,

कारण आत बाळ रडलं
आणि माझा गाऊन ओला झाला.
तिकडे गोठ्यात, दाव्याला,
तो हंबरला की तिचंही असंच होत असेल.
फक्त खाली बादली असेल.

खरवस छान झाला होता,
सुरी लावली की थरथरणारा.
सासूबाई म्हणाल्या, खा गं, दूध येईल.
खाल्ली एक वडी.
दुसरी खाल्ली नाही, असंही नाही.

सकाळी बस्तीरामला सांगितलं,
उद्यापासून अर्धाच लिटर घाल.
त्याचा चेहरा पडला:
"का वहिनी, दूध पातळ लागतंय का?"