मूंझारो

सहा महिने आमच्याकडे, सहा महिने कारेलीबागेत,
अशी तुझी वर्षं वाटली आहेत कागदावर.
प्रत्यक्षात तू एकाच दिवसात दोनदा जातेस
बहुचराजी रोडने, ॲप्रन डिकीत कोंबून,
शेव-उसळ उभ्यानेच खाऊन.
तिकडे ॲप्रन नको म्हणतात,
इकडे त्याच्याशिवाय कुणी ऐकत नाही.
शाल्मली घोरपडे, या दुहेरी जागेवरची पहिलीच तू.
मेडिसिनवाले म्हणतात, ही तिकडची.
तिकडचे म्हणतात, हिचा स्टेथोस्कोप सुटत नाही.
कॅन्टीनचा वाघेला दोन्ही वह्यांत तुझा चहा मांडतो.

पहिल्याच आठवड्यात
समा भागातले ते निवृत्त पोस्टमास्तर आणले मुलाने.
सोडियम एकशे अठरा, ताप, जीभ कोरडी,
आणि न्हाणीघरात मगर आहे, असा धोशा.
तू सुवाच्य अक्षरात लिहिलंस : दृष्टिभ्रम.
सोडियम वाढवलंस सावकाश, घाई न करता.
तिसऱ्या दिवशी त्यांनी वार बरोबर सांगितला,
शंभरातून सात सात वजा केले,
आणि म्हणाले, ताई, मगर अजून तिथेच असेल.
संध्याकाळी वनखात्याच्या माणसांनी
साडेचार फुटांची, तोंड बांधून, नेली.
विश्वामित्रीला पाणी चढलं की येतातच त्या.
मुलगा खजील, तू त्याहून.
मी राउंडवर हसले, पोट धरून,
आणि म्हटलं, खोडू नकोस ते.
खाली तारीख घालून लिही, मगर खरी होती.
आपल्या गावात आधी शेजाऱ्याला विचारावं.

मग आल्या रेवाबेन पढियार, पादऱ्याहून,
चौथ्यांदा.
छातीवर मूठ ठेवून म्हणाल्या, मूंझारो थाय छे.
तू माझ्याकडे पाहिलंस.
आपण दोघी दांडिया बाजारात वाढलेल्या,
घरात मराठी, ओट्यावर गुजराती;
तरी या शब्दाला घुसमट म्हणावं तर थोडं उरतं,
कासावीस म्हणावं तर दुसऱ्या बाजूने उरतं.
त्यात श्वास आहे, काळीज आहे की सून आहे,
हे तो सांगत नाही.

आधीच्या तिन्ही केसपेपरांवर
तीन हस्ताक्षरांत एकच ओळ :
ईसीजी ठीक, घरी पाठवले.
त्यातलं एक अक्षर माझं.

तू ईसीजी काढलास, पुन्हा. रक्त पाठवलंस.
मग स्टूल ओढलंस आणि गप्प बसलीस.
आमच्या वेळी स्टूल
पेशंटच्या पिशवीसाठी असायचं.
मी घड्याळ बघत होते, मागे चाळीस माणसं.
बाराव्या मिनिटाला त्या बोलल्या,
शिलाई मशीनबद्दल. विकलं.
कुणी, का, ते नाही.
फक्त, रात्री पायाला अजून पेडल लागतं, म्हणाल्या,
आणि पाय हलवून दाखवला.
तुझा चेहरा मी पाहिला नाही,
कारण तेवढ्यात तू वाकून त्यांचा घोटा दाबलास,
आणि बोटाचा खळगा
तसाच राहिला.

निदानाच्या रकान्यात तू हृदयाचं लिहिलंस,
स्वल्पविराम, मनाचं लिहिलंस,
आणि शेवटी, जागा नव्हती तरी, मूंझारो.
रेकॉर्ड रूमच्या तडवीभाईंनी कागद परत पाठवला.
याला कोड नाही, बेन. एकच काहीतरी ठेवा.

रेवाबेन पुढच्या मंगळवारी यायच्या होत्या.
आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही.
पादऱ्याची बस पावणेअकराला लागते,
तू फाटकापर्यंत जाऊन येतेस
आणि काही बोलत नाहीस.
त्याला काय म्हणायचं असतं, मलाही येत नाही.

सही केली आहे मी, तिन्हींच्या खाली.
कागद खाली नेऊन दे तडवीभाईंना,
आणि जाताना ते स्टूल
माझ्या टेबलापाशी ठेव.