शंभर मिली

परवापासून पलंगावर बॅग उघडी पडलीय
आणि अम्मा तिच्याशी भांडतेय.

खोबरेलाची बाटली दोनशेची.
अर्धी रिकामी केली तरी चालत नाही, मी सांगते,
बाटलीवर छापलेलं धरतात.
"आत किती आहे ते बघत नाहीत होय?"
मग खोकल्याच्या औषधाचं टोपण घेऊन
ती तेल मोजत बसते,
दहा, वीस, तीस, ओठ हलवत.

शेंगाचटणीवर मात्र पंचायत बसली.
उखळात कुटलेली, तेल सुटलेली,
दाबली की लाडू, सोडली की भुगा.
ही पातळात धरायची की कोरड्यात?
शेजारचा नागनाथ चिप्पा एकदा विमानानं दिल्लीला जाऊन आलाय.
तो म्हणाला, "पोलिसाच्या मनावर आहे."
कडक भाकरीला कुणाचं मन लागत नाही.
वीस बांधल्या.

"उन्हाला क्रीम?"
ट्यूब उलटीपालटी करत विचारलं तिनं,
एकतीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये
टॉवेलच्या घड्या घातलेल्या बाईनं.

टॉवेल तिनं कुणाला निवडू दिला नाही.
निळ्या पट्ट्यांचा, माणसाहून लांब,
कोपऱ्यात एक धागा चुकला म्हणून परत आलेला.
"असले शेकड्यानं बांधलेत मी.
सुपरवायझर म्हणायचा, तिकडं वाळूवर अंथरतात.
मला वाटायचं, बांधकामाच्या?"

शेवटी कमरेची दोरी.
तिला बांधलेली दोरे कापायची कात्री, बोटाएवढी.
हे नाही नेता येणार, अम्मा.
काही बोलली नाही. गाठ सोडली,
शिलाई मशीनच्या खणात ठेवली
आणि खण लागलाय ना, दोनदा ओढून पाहिला.

होटगी रोडला पट्ट्यावरून सगळं आत गेलं.
खाकीतल्या मुलीनं डबा उघडला, वास घेतला.
"घरची?"
"मग काय दुकानची?"
डबा पुढं सरकला.

विमानाला अजून वेळ होता. एसी गार.
अम्मानं टॉवेल काढून पांघरला, सोलापुरी चादर घ्यावी तसा,
आणि तिला कोपऱ्यातला दोरा दिसला.
हात सवयीनं कमरेला गेला,
तिथंच राहिला जरा वेळ.

मग इकडंतिकडं बघून
दातानं तोडला.
खाली टाकवेना.
तेलाच्या बाटलीशेजारी, पारदर्शक पिशवीत,
चेन लावून ठेवला.