वाढत्या अंगाचं

शारजात, अल नाहदाच्या सहाव्या मजल्यावर
ती लेबनीज बाई घर आवरत होती.
दारातच खोकं: बूट, हातमोजे,
लाल स्की-पँट, गुडघ्याशी घासलेली.
साठ दिरहम, ती म्हणाली.
मी सवयीनं चाळीस म्हटलं,
मग तिच्या भिंतीवरचे रिकामे खिळे दिसले.
पन्नास.

ऊर्वीनं तिथंच चढवली.
लिफ्टमध्ये उतरवू देईना.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
आणि ही पार्किंगभर निथळत, पाय फाकून,
अस्वलाच्या पिल्लासारखी.

पँट वाढत्या अंगाची चालते,
खाली दोन घड्या, आतून टीप.
बूट मात्र मापाचेच हवेत,
ढिल्या बुटात घोटा मुरगळतो,
मॉलमधल्या बर्फावर शिकवणाऱ्या तेन्झिंगनं बजावलंय.
त्याच्या गावी बर्फ फुकट होता, म्हणतो,
बूट नव्हते.

बूट एक नंबर मोठे निघाले.
नवऱ्याचे फुटबॉलचे मोजे शोधून ठेवलेत.

रात्री अस्तरावर नाव घालायला बसले.
आधीची दोन होतीच, अरबीत,
वेगवेगळ्या शाईची,
मला न वाचता येणारी.
त्यांच्याखाली मी ऊर्वी लिहिलं,
जरा बारीक अक्षरात,
खाली जागा राहील असं.